भूगर्भशोधक रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

आमच्या पूर्वजांनीं पृथ्वीला अचला, स्थिरा, धरणी अशीं नांवें दिलीं. नदी वाहते, वारा फिरतो, ऋतु पालटतात, माणसें जन्मतात आणि मरतात. परंतु पायांखालची भूमि तेवढी ढळत नाहीं, हा मनुष्याचा अगदीं पहिला विश्वास होय. त्याच विश्वासावर तो घर बांधतो, देऊळ उभारतो आणि रात्रीं दाराला कडी घालून निर्धास्तपणें झोंपीं जातो. हा विश्वास ज्या क्षणीं खोटा ठरतो, त्या क्षणीं त्याच्या मनाला बसणारा धक्का भिंतीला बसणाऱ्या धक्क्याहून कमी नसतो.

करवीरनगरींत राहणाऱ्या आम्हांस हा अनुभव परका नाहीं. आमचा रंकाळा तलाव म्हणजे पूर्वीं दगडाची खाण होती व एका जुन्या भूकंपानें तींत पाणी भरलें, असें येथें परंपरेनें सांगितलें जातें. परंपरेची गोष्ट सोडली तरी १९६७ सालच्या डिसेंबर महिन्याची ११ तारीख येथील वडील मंडळी विसरलेलीं नाहींत. त्या दिवशीं पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं, येथून उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर असलेल्या कोयनानगरच्या परिसरांत भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसें प्राणास मुकलीं आणि तें गांव बव्हंशीं जमीनदोस्त झालें. मांडणीवरचीं भांडीं खणखणत खालीं आलीं, लोक मुलांना पांघरुणासकट उचलून अंगणांत धांवले, आणि पुढें कित्येक रात्रीं घराचें छप्पर हेंच त्यांना वैरी वाटूं लागलें. दख्खनचा काळा पाषाण अढळ आहे असें तोंपर्यंत मोठमोठे जाणतेही मानीत असत.

अशा प्रसंगीं भिणें स्वाभाविक आहे, आणि रडणेंही स्वाभाविक आहे. परंतु पडलेल्या भिंतीपाशीं उभें राहून ती कोणत्या दिशेस पडली, किती अंतरावर पडली, तिच्या आधीं काय हाललें, असे प्रश्न शांतपणें विचारणारे पुरुष विरळा. अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत पृथ्वीच्या अंतरंगाची जी आकृति असते, बाहेर कवच, त्याखालीं प्रावरण आणि मध्यभागीं गाभा, त्या आकृतींतील गाभ्याचा पहिला स्पष्ट पुरावा याच गृहस्थांनीं जगापुढें मांडला. आणि त्यास आरंभ झाला तो आपल्या हिंदुस्थानांत झालेल्या एका महाभूकंपापासून.

ओल्डहॅम यांचा जन्म १८५८ सालच्या जुलै महिन्याच्या ३१ तारखेस आयर्लंडमधील डब्लिन शहरीं झाला. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम हे स्वतः नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ होते. १८५१ सालीं हिंदुस्थानांत भूगर्भ पाहणीचें खातें कायमचें सुरू झालें, तेव्हां त्याचे पहिले प्रमुख म्हणून त्यांचीच नेमणूक झाली होती. कोळशाच्या खाणी कोठें आहेत हें शोधून काढणें हें त्या खात्याचें सरकारी काम. पण टॉमस यांचें मन तेवढ्यानें तृप्त होत नसे. १८६९ सालच्या जानेवारींत आसामच्या बाजूस काचार प्रांतीं मोठा भूकंप झाला, तेव्हां त्यांनीं त्याची चौकशी आरंभिली. त्याचबरोबर हिंदुस्थानांत पूर्वीं झालेल्या भूकंपांची एक यादीही ते जमवीत होते. परंतु दीर्घ सेवेनंतर निवृत्त होऊन ते स्वदेशीं गेले आणि दोनच वर्षांनीं, १८७८ सालीं, निधन पावले. काचारचा अहवाल व भूकंपांची यादी हीं दोन्ही कामें अपुरींच राहिलीं.

रिचर्ड यांचें शिक्षण रग्बी येथील शाळेंत व नंतर लंडनच्या खाणशास्त्राच्या विद्यालयांत झालें. वडील वारल्यावर एका वर्षानें, १८७९ सालीं, ते त्याच भूगर्भ खात्यांत नोकरीस लागले. तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. नव्या नोकरींत स्वतःचें नांव गाजविण्याची हौस कोणाही तरुणास असते. या तरुणानें मात्र प्रथम वडिलांचे अपुरे कागद हातीं घेतले. त्यांनीं काचारच्या भूकंपाचा अहवाल नीट जुळवून १८८२ सालीं वडिलांच्या नांवानें प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षीं हिंदी भूकंपांची यादीही प्रसिद्ध केली. पुत्रानें पित्याचें ऋण कसें फेडावें याचा हा एक उत्तम धडा आहे. दुसऱ्याच्या टिपणांवर वर्षें घालविलीं म्हणून त्यांचें कांहीं वायां गेलें नाहीं. उलट भूकंपाविषयीं काय पाहावें आणि कसें लिहून ठेवावें, हें त्यांना त्याच कागदांनीं शिकविलें.

पुढील अठरा वर्षें त्यांनीं पायपिटींत काढलीं. हिमालयाच्या रांगा, मणिपूर, अंदमानचीं बेटें अशा दूरदूरच्या प्रदेशांतील खडक त्यांनीं पाहिले. पंजाबांतील नद्यांचे प्रवाह कसे बदलत गेले याचा विचार करून लुप्त झालेल्या सरस्वतीविषयींही त्यांनीं १८८६ सालीं एक निबंध लिहिला. १८९३ सालीं हिंदुस्थानच्या भूगर्भशास्त्रावरील मोठ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति त्यांनीं सुधारून तयार केली. येथवर पाहतां हें एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचें आयुष्य होय. त्याला निराळें वळण मिळालें तें १८९७ सालच्या जून महिन्यांत.

तो महिना महाराष्ट्राच्या स्मरणांत निराळ्या कारणानें राहिला आहे. मुंबई-पुण्यास प्लेगचा कहर चालला होता आणि २२ तारखेस पुण्यास गणेशखिंडींत रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. इकडे करवीर राज्यांत शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचीं पहिलीं वर्षें चाललीं होतीं. त्याच महिन्यांत, १२ तारखेस, शनिवारीं सायंकाळीं पांचाच्या सुमारास, आसामांत पृथ्वी हालली. शिलाँगमधील दगडी इमारत म्हणून जेवढी होती तेवढी अल्प काळांत ढिगारा होऊन पडली. चेरापुंजीच्या बाजूस डोंगरांच्या दरडी कोसळून शेंकडों माणसें गाडलीं गेलीं. नदीकांठच्या सपाट प्रदेशांत जमीन फाटून वाळू व पाणी कारंज्याप्रमाणें वर उडालें. कलकत्त्यासही कितीएक पक्क्या घरांस तडे गेले. सुमारे दीड लाख चौरस मैल प्रदेशांतील विटा-दगडांच्या बांधकामांस इजा पोंचली, आणि साडेसतरा लाख चौरस मैल एवढ्या विस्तारांत धक्का जाणवला. मृतांची संख्या १,५४२ भरली. भूकंपाची महत्ता मोजण्याची रीत पुढें १९३५ सालीं अमेरिकेंत रिश्टर यांनीं घालून दिली. तरी आजच्या शास्त्रज्ञांच्या हिशोबानें तो भूकंप आठ महत्तेच्या वरचा होता, म्हणजे जगांतील मोठ्या भूकंपांत त्याची गणना होते.

चौकशीची जबाबदारी ओल्डहॅम यांच्याकडे आली. त्यांनीं सहकाऱ्यांना निरनिराळ्या दिशांस धाडलें, गांवोगांवच्या अधिकाऱ्यांकडून हकीकती मागविल्या, आणि हिंवाळा येतांच स्वतः गारो व खासी डोंगरांतून फिरले. एखाद्या स्तंभाचा शेंडा तुटून किती अंतरावर पडला, थडग्यावरचा दगड कोणत्या बाजूस सरकला, उरलेला मनोरा पायावरच फिरून वांकडा कसा झाला, हें सर्व ते मोजीत आणि लिहून ठेवीत. कांहीं ठिकाणीं जमिनींत रुतलेले धोंडे आपल्या खळग्याच्या कडांस न लागतां बाहेर फेंकले गेले होते. यावरून जमिनीनें वरच्या दिशेस दिलेला हिसका पृथ्वीच्या आकर्षणाहूनही जोराचा असला पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें. चेद्रंग नांवाच्या ओढ्याच्या कांठानें जातांना त्यांना जमिनीचा एक मोठा प्रस्तरभंग आढळला. एका बाजूची भूमि दुसरीहून कांहीं ठिकाणीं पस्तीस फूटपर्यंत वर उचलली गेली होती. ओढ्यास नवे धबधबे आणि नवीं डबकीं झालीं होतीं. डोंगर हे कसे वाढतात, हें जणूं त्यांनीं चालत जाऊन पाहिलें.

हा अहवाल १८९९ सालीं प्रसिद्ध झाला. भूकंपाचें इतकें बारीक व इतकें प्रामाणिक वर्णन त्यापूर्वीं क्वचितच झालें असेल. परंतु आसामांतील दगडधोंडे मोजून ओल्डहॅम थांबले नाहींत. त्याच सुमारास इंग्लंड, इटली वगैरे देशांत भूकंपलेखक यंत्रें बसविलीं जात होतीं, आणि आसामचा कंप हजारों मैल दूर असलेल्या त्या यंत्रांच्या कागदावर उमटला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतही १८९८ सालीं मिल्नसाहेबांच्या पद्धतीचें असें यंत्र बसविण्यांत आलें. त्या वेळीं वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस हे पारशी गृहस्थ होते, आणि त्या जागेवर बसणारे ते पहिलेच हिंदी होत. दूरच्या यंत्रांचे कागद समोर ठेवून ओल्डहॅम यांच्या ध्यानांत आलें कीं, एकाच भूकंपाच्या लहरी एकदम येत नाहींत, त्या तीन टोळ्या करून येतात.

ही गोष्ट विद्यार्थ्यांस सोप्या रीतीनें सांगतों. रुळावर उभ्या असलेल्या मालगाडीस इंजिनानें मागून धक्का दिला म्हणजे तो एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर आपटत शेवटपर्यंत जातो. डबे ज्या दिशेस हालतात त्याच दिशेस धक्काही जातो. पहिली लहर अशी असते, आणि ती सर्वांत वेगानें धांवते. विहिरीच्या दोराचें एक टोंक झाडास बांधून दुसरें टोंक हातानें आडवें झटकलें, तर दोर डावीउजवीकडे हालतो पण लहर मात्र पुढें झाडाकडे जाते. दुसरी लहर अशी असून ती मागाहून येते. तिसरी लहर वाऱ्यानें रंकाळ्याच्या पाण्यावर उठणाऱ्या लाटेप्रमाणें केवळ पृष्ठभागावरून जाते, सर्वांच्या शेवटीं येते आणि लांबच्या यंत्रावर सर्वांत मोठी रेघ काढते. या तिन्ही लहरी प्रत्यक्ष कागदावर निरनिराळ्या ओळखून दाखविण्याचें श्रेय ओल्डहॅम यांचें. पहिली व दुसरी यांच्यांतील वेळेचें अंतर कळलें म्हणजे भूकंप किती लांब झाला हें काढतां येतें. आणि आजही जगांतील प्रत्येक भूकंपाचें ठिकाण काढण्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

१९०३ सालीं प्रकृति साथ देईना म्हणून ते नोकरींतून निवृत्त झाले आणि इंग्लंडास परतले. पुष्कळ माणसें निवृत्त झालीं म्हणजे जुन्या आठवणी सांगत उरलेले दिवस काढतात. ओल्डहॅम यांचें सर्वांत मोठें कार्य मात्र येथूनच पुढें झालें. निरनिराळ्या भूकंपांचे आलेख एकत्र करून त्यांनीं पाहिलें कीं, पृथ्वीच्या मध्याजवळून येणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षां फार उशिरां पोंचतात. जणूं वाटेंत त्यांना कोणी अडवून धरीत होतें. तेव्हां पृथ्वीच्या पोटांत मध्यभागीं निराळ्या द्रव्याचा एक गाभा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं १९०६ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढें मांडला. ज्या ठिकाणीं कोणीही कधीं गेला नाहीं व जाऊं शकणार नाहीं, त्या ठिकाणचें वर्तमान त्यांनीं भूकंपाच्या तोंडून वदविलें.

हें सांगतांना एक गोष्ट लपविणें योग्य होणार नाहीं. गाभा आहे हें त्यांचें म्हणणें खरें ठरलें, तरी त्याचें सर्व वर्णन बरोबर नव्हतें. त्यांनीं गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश धरली होती. प्रत्यक्षांत ती निम्म्याहून अधिक आहे. दुसऱ्या प्रकारची लहर गाभ्यांतून मंद गतीनें जाते असें त्यांना वाटलें होतें. वास्तविक ती तेथून जातच नाहीं, कारण बाहेरचा गाभा द्रवरूप आहे. पुढें जर्मनींत गुटेनबर्ग यांनीं गाभ्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर ठरविली, १९२६ सालीं इंग्लंडांत जेफ्रीज यांनीं तो द्रवरूप असल्याचें दाखविलें, आणि १९३६ सालीं डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषीनें त्याच्याही आंत एक निराळा अंतर्गाभा असल्याचें सिद्ध केलें. शास्त्राचें मंदिर असेंच उभें राहतें. पहिल्यानें रचलेला दगड पुढच्यानें थोडा सरकविला म्हणून पहिल्याची थोरवी कमी होत नाहीं.

विद्वानांनीं त्यांचा योग्य गौरव केला. १९०८ सालीं त्यांना लायल पदक मिळालें, १९११ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि १९२० पासून दोन वर्षें लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेचे अध्यक्ष होते. उतारवयांतही हिंदुस्थानचे भूकंप त्यांच्या मनांतून गेले नाहींत. १८१९ सालीं कच्छांत झालेल्या ज्या भूकंपानें अल्लाबंद नांवाचा लांबच लांब उंचवटा निर्माण केला, त्याच्यावर सत्तरीच्या आसपास असतां त्यांनीं पुन्हां लेखणी चालविली आणि त्याच निबंधांत आपल्या १८९७ सालच्या निष्कर्षांचीही फेरतपासणी केली. १९३६ सालच्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस वेल्स प्रांतीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्यामागें जगानें आसामच्या भूकंपाहूनही प्रचंड भूकंप पाहिले. १९५० सालीं १५ ऑगस्ट रोजीं, देश स्वातंत्र्याचा वाढदिवस साजरा करीत असतां, आसाम व तिबेट यांच्या सीमेवर ८·६ महत्तेचा भूकंप झाला. १९६० सालीं चिली देशांत झालेला ९·५ महत्तेचा भूकंप हा यंत्रांनीं नोंदलेल्यांत सर्वांत मोठा. त्यानंतर १९६४ सालीं अलास्का, २००४ सालीं सुमात्रा, २०११ सालीं जपान असा क्रम लागला. पैकीं सुमात्राच्या वेळीं उठलेल्या समुद्राच्या लाटांनीं अनेक देशांतील मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला. महत्तेचा आंकडा एकानें वाढला म्हणजे शक्ति सुमारे बत्तीस पट वाढते, हें ध्यानांत घेतलें असतां या भूकंपांची कल्पना येईल.

तथापि केवळ आंकड्यानें भ्यावयाचें नाहीं, आणि केवळ आंकडा लहान म्हणून निश्चिंतही राहावयाचें नाहीं. आठाहून मोठ्या आसामच्या भूकंपांत दीड हजार माणसें गेलीं. आपल्या मराठवाड्यांत १९९३ सालच्या ३० सप्टेंबर रोजीं पहाटे किल्लारीस झालेला भूकंप त्याच्या मानानें शेंकडों पट दुर्बळ, सहाच्या किंचित् वरचा होता. परंतु त्यानें आठ हजारांच्या आसपास माणसें मारलीं. आसामांत सायंकाळची वेळ असल्यामुळें पुष्कळ लोक घराबाहेर होते. किल्लारीस गणपतीचें विसर्जन करून लोक दमून घरांत निजले होते, आणि त्यांच्या डोक्यावर मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींचीं व जड माळवदांचीं घरें होतीं. ज्या घरानें पिढ्यान् पिढ्या ऊन-पाऊस अडविला, त्याच घरानें त्यांचा घात केला. १८९७ च्या आघातानंतर आसामच्या लोकांनीं मात्र दगडी घरें बांधण्याचा हट्ट पुष्कळसा सोडला. लांकडी चौकट, वेताबोरूच्या भिंतींवर गिलावा आणि वर हलकें पत्र्याचें छप्पर, अशीं घरें तेथें सर्वत्र उठलीं. तीं हालतात, पण माणसांवर कोसळत नाहींत.

ओल्डहॅम यांच्या कष्टांचा लाभ अद्यापि होत आहे. त्यांच्या वेळीं आसामच्या डोंगरांवर केलेलीं मोजमापें शंभर वर्षांनंतर पुन्हां तपासून, शिलाँगच्या पठाराच्या उत्तर कडेस भूमीच्या पोटांत दडलेला मोठा प्रस्तरभंग शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं दाखवून दिला, व त्यास ओल्डहॅम यांचेंच नांव दिलें. इकडे आमच्या शेजारीं, कोयना व वारणा यांच्या खोऱ्यांत, १९६७ पासून लहान-मोठे धक्के चालूच आहेत. धरणाच्या जलाशयांतील पाण्याशीं त्यांचा संबंध आहे असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, आणि त्याचा उलगडा करण्यासाठीं कोयनेच्या परिसरांत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून कराड येथें संशोधन चाललें आहे. जी पृथ्वी आसामांत ओल्डहॅम यांनीं वाचली, तीच आतां आमच्या दाराशीं वाचली जात आहे.

विद्यार्थिमित्रहो, भूकंप केव्हां होईल हें अद्याप कोणालाही सांगतां येत नाहीं, आणि जो सांगतों म्हणेल त्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु घर कसें बांधावें हें आपल्या हातीं आहे, आणि झालेल्या संकटापासून शिकावें कीं केवळ रडावें हेंही आपल्या हातीं आहे. तुमच्यापैकीं कोणी उद्यां इंजिनिअर होईल, कोणी गवंडीकाम करील, कोणी गांवचा सरपंच होईल. शाळेची नवी इमारत बांधतांना दोन पोतीं सिमेंट वांचविण्याचा मोह त्यास पडेल. त्या वेळीं पडलेल्या भिंतींपाशीं हातांत माप घेऊन उभे राहिलेल्या या पुरुषाची त्यास आठवण व्हावी, एवढ्याच हेतूनें आम्हीं हें चरित्र येथें लिहिलें आहे.